मसाला लावलेलं पोर्क फ्रीझरमध्ये ठेवताना

प्रश्न : नाताळाला घरी वीस-पंचवीस माणसं असतात. म्हणून गेल्या वर्षी दोन किलो पोर्कला कच्ची पपई, व्हिनेगर, साखर आणि मसाला लावून आठ दिवस आधीच फ्रीझरमध्ये ठेवलं. शेगडीवर घातलं तर बाहेरून काळं झालं, वरचा थर पिठासारखा सुटत होता आणि आत चव नव्हतीच. कुठे चुकलं?
– एक वाचक, मिरा रोड

उत्तर : ताई, पहिली चूक पपईची. तिचा चीक मांस मऊ करतो आणि थंडीने तो मरत नाही, फक्त मंदावतो. बर्फ सुटायला लागला की पुन्हा कामाला लागतो आणि वरचा थर खाऊन टाकतो. फ्रीझरमध्ये जाणाऱ्या मांसाला पपई किंवा अननस लावूच नका.

दुसरं, आत चव का नाही? मांसात खोल शिरतं ते मीठ. मिरची, लसूण बहुतेक वरच राहतात. आणि एकदा गोठलं की मीठही हलत नाही. आठ दिवस ठेवलं म्हणून आठ दिवस मुरलं असं होत नाही. माझी पद्धत अशी : खांद्याचं मांस, चरबीसकट, दीड इंचाचे तुकडे. किलोला १५ ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी मसाला लावायचा आणि मग गोठवायचं. पिशवीत हाताने दाबून दोन बोटं जाडीचा चपटा थर करा, हवा काढा. गोळा करून ठेवलं तर सुटायला दीड दिवस लागतो.

मसाल्यात काश्मिरी मिरच्या १५-२०, एक गड्डी लसूण, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग, हळद, आणि वाटायला पाण्याऐवजी माडाच्या ताडीचं व्हिनेगर. वसईच्या आमच्या घरात इंदियाल, म्हणजे पोर्कचं आंबट-तिखट कालवण, होतं ते याच वाटणाचं. त्याचं मूळ पोर्तुगीजांच्या 'विन्या दाल्योश'मध्ये, म्हणजे वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस. तेव्हा फ्रिज नव्हता, आंबटपणानेच मांस टिकवायचं होतं. माझी आई चिनी मातीच्या बरणीत, लाकडी चमच्याने कालवायची. ॲल्युमिनियमचं भांडं जवळपाससुद्धा येऊ द्यायची नाही, कारण व्हिनेगर त्याला खातं. आज टिकवायचं काम फ्रीझर करतो, म्हणून व्हिनेगर निम्मं घाला. किलोला पाव वाटी पुरे.

साखर मसाल्यात नको. काळं पडलं ते तिच्यामुळे. गूळ किंवा साखर हवीच असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत ब्रशने लावा.

पिशवी आदल्या रात्री ताटात ठेवून फ्रिजमध्ये सोडवा, ओट्यावर नाही. तुकडे जाळीवर घालण्याआधी वरचा ओला मसाला बोटाने निपटून काढा. तो मसाला आधी नीट उकळल्याशिवाय वरून लावू नका. निखारे शेगडीच्या एकाच बाजूला ओढा. चरबी ठिबकून जाळ उठला की तुकडे दुसऱ्या बाजूला सरकवायला जागा हवी. आधी रंग आणा, मग मंद बाजूला शिजू द्या. थर्मामीटर असेल तर आतून ६३ अंश सेल्सिअस आणि वर तीन मिनिटं विश्रांती पुरते असं मानतात. मी मात्र बाजारातल्या पोर्कला ७०च्या पुढेच नेते, आणि खांद्यातली चरबी त्याला कोरडं पडू देत नाही.

उणे १८ अंशांवर हे तीन महिने चांगलं राहतं. त्यानंतर चरबीला खवट वास लागतो, म्हणून पिशवीवर तारीख लिहा.