शिक्षकाची जात, भाषा, समजुती यांचा शिकवण्यावर परिणाम होतो का?

होतो, आणि बहुतेक वेळा आपल्याला पत्ताही लागत नाही. अमेरिकेत २०१६च्या एका अभ्यासात दिसलं की, एकाच कृष्णवर्णीय विद्यार्थ्याकडून कृष्णवर्णीय शिक्षकांपेक्षा इतर शिक्षकांच्या अपेक्षा कमी असतात. इथं वंशाऐवजी आडनाव.

मी सोलापूरच्या पूर्व भागात शिकवतो. निम्मी पोरं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर. 'यांचा अभ्यास कोण घेणार' म्हणत मी अवघड गणितं ठरावीक चार आडनावांनाच घालायचो. एकदा मागच्या बाकावरच्या पोरीनं खराब विड्या वजा करून, हजारी दरानं आईची आठवड्याची मजुरी तोंडी सांगितली. मी वहीत मांडतच होतो! आता हजेरी नंबरानं विचारतो. तरी नजर आधी पहिल्या बाकाकडंच जाते.