एक एकर आयताकृती शेताला काटेरी तारेचं कुंपण घालायचं आहे. तार आणि खांब किती लागतील?

नुसत्या 'एक एकर'वरून हे सांगता येत नाही. एकर म्हणजे क्षेत्रफळ, ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. तार लागते परिमितीला. ३३० × १३२ फुटांचं शेत एक एकरच, त्याची परिमिती ९२४ फूट. ६६० × ६६ ची लांबट पट्टीही एक एकरच, पण तिची परिमिती १,४५२ फूट. चौरस तुकडा असेल तर साधारण ८३५ फुटांत भागतं. सातबाऱ्यावर बाजूंची मापं नसतात, म्हणून आधी टेप धरा.

सूत्र सोपं आहे: लांबी आणि रुंदी मिळवा, मग दुप्पट करा. २ × (३३० + १३२) = ९२४. बेरीज आधी करायची, नाहीतर लांबीच दुप्पट होते आणि रुंदीची एक बाजू हिशोबातून निसटते. १३२ फूट ६ इंच हे १३२.६ नव्हे, १३२.५ लिहा.

चारही बाजू मोजाच. समोरासमोरच्या जुळल्या नाहीत तर सूत्र सोडून चारांची सरळ बेरीज करा. जुळल्या तर दोन्ही कर्णही मोजा. ३३० × १३२ च्या शेतात ते ३५५ फूट ५ इंचांच्या आसपास यायला हवेत. कर्ण कमीजास्त आले तर कोन काटकोन नाहीत. तारेचा हिशोब तरीही बरोबर राहतो, पण जमीन एक एकरापेक्षा कमी भरते, आणि हे कळलेलं बरं.

आता ३३० × १३२ धरून पुढचं बघू. रुंदीच्या एका बाजूला १२ फुटी फाटक असेल तर तारेची एक रांग ९१२ फूट. पाच रांगांना ४,५६० फूट. गाठी आणि खांबांवरचे वेढे यांसाठी मी ५ टक्के जास्त धरतो, म्हणजे सुमारे ४,८०० फूट, १,४६० मीटर. तार किलोवर मिळते, तेव्हा तुम्ही घ्याल त्या गेजची (जाडीची) तार एका किलोत किती मीटर बसते हे दुकानदाराला विचारून मगच वजन सांगा.

खांबांत बहुतेक जण चुकतात. सरळ रेषेत खांब गाळ्यांपेक्षा (दोन खांबांमधल्या अंतरांपेक्षा) एकाने जास्त असतात, पण कुंपण फिरून जागेवर येतं, त्यामुळे इथे जितके गाळे तितकेच खांब. प्रत्येक बाजू वेगळी मोजून खांब आणलेत तर कोपऱ्याचे चार दोनदा येतात. दहा फुटांच्या गाळ्याने लांबीच्या बाजूंना ३३-३३ गाळे. १३२ ला दहाने पूर्ण भाग जात नाही, म्हणून तिथे ९ फूट ५ इंचांचे १४. फाटकाच्या बाजूला दहा-दहाचे १२ आणि फाटकाचा एक. एकूण ९३ गाळे, ९३ खांब. कोपऱ्याच्या खांबावर दोन बाजूंनी ओढ असते, म्हणून प्रत्येकी दोन तिरके आधार, फाटकाच्या दोन्ही खांबांना एकेक. हे आणखी १०.

बांधापासून चहूबाजूंनी एक फूट आत कुंपण घेणार असाल तर लांबी आणि रुंदी दोन्ही दोन-दोन फुटांनी घटतात. परिमिती मग चार नव्हे, आठ फुटांनी कमी होते: ९१६.