आज्ञा आणि आश्वासन

प्रश्न : येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचले की शत्रूवरही प्रीती करण्याची अपेक्षा पाहून मी खचतो, क्षमेची वचने वाचली की सारे माफच आहे असे वाटून सैल पडतो. यातले खरे कोणते मानावे?

उत्तर : दोन्ही खरी आहेत, अडचण असते ती क्रमाची. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातील जक्कय पाहा. लोकांना नाडून श्रीमंत झालेला हा जकातदार येशूला पाहायला झाडावर चढला होता. त्याला येशू कोणतीही अट न घालता ‘आज तुझ्या घरी उतरणार’ असे सांगतो, आणि त्यानंतर जक्कय आपणहून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व लुबाडलेले चौपट फेडण्याचे कबूल करतो. आधी हिशेब चुकता करण्याची अट असती, तर तो बहुधा झाडावरच बसून राहिला असता. पण नुसत्या पाहुणचारावरच सारे थांबले असते, तर नाडलेल्यांच्या हाती काय पडले असते?

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी 1522 मध्ये बायबलमधील, कृतीवर भर देणाऱ्या याकोबाच्या पत्राला ‘पेंढ्याचे पत्र’ म्हटले. हा शेरा मला घाईचा वाटतो. याकोब सत्कृत्ये करून तारण, म्हणजे पापातून सुटका, विकत घ्यायला सांगत नाही. उपाशी भावाला अन्न न देता ‘सुखाने जा’ म्हणणारा विश्वास निर्जीव आहे, एवढेच तो म्हणतो. नियमशास्त्र, म्हणजे देवाच्या आज्ञा, बेफिकिरांसाठी आणि सुवार्ता, म्हणजे क्षमेचे आश्वासन, भेदरलेल्यांसाठी, हे लूथर यांचेच सूत्र मात्र आपल्याला उपयोगी पडेल. खचलेल्या दिवशी क्षमेचे वचन वाचा. सैल पडलेल्या दिवशी, ज्याची क्षमा मागायची राहिली आहे त्याच्याकडे जा.