गॅस्केट बदलण्याआधी हेड मोजून घ्या

आपल्या लिहिण्यावरून मला समजले ते असे : तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेल्यावरही गाडी काही किलोमीटर चालली, मध्येच काटा एकदम खाली आला म्हणून आपण निर्धास्त झालात, आणि आता इंजिन सुरू झाले तरी मिसिंग करते (अडखळत चालते), सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि कुलंट (इंजिन गार ठेवणारे पाणी) रोज कमी होते. मेकॅनिकच्या मते फक्त हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्या माथ्यावरचे झाकण (हेड) यांच्या मधली पातळ पट्टी, बदलले की काम झाले. गॅस्केट गेले असावे, हे मलाही मान्य आहे. माझी हरकत ‘फक्त’ या शब्दाला आहे.

काटा खाली आला तेव्हा इंजिन बहुधा थंड होत नव्हते. सेन्सर कुलंटमध्ये बुडालेला असतो तोवरच त्याचे सांगणे खरे. पाणी उतरून त्याच्याभोवती नुसती वाफ उरली की तो कमी तापमान दाखवतो आणि धातू मात्र तापतच राहतो. म्हणून आपल्या इंजिनाला खरी इजा त्या ‘निर्धास्त’ मिनिटांत झाली असे धरून चालावे. अॅल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ब्लॉक लोखंडी आणि हेड अॅल्युमिनियमचे असेल, तर बोल्टांनी आवळलेल्या हेडला लांबीत पसरायला जागा मिळत नाही आणि ते वाकते. गॅस्केट जळते ते त्यानंतर.

हेड उतरवण्यापूर्वी कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासून घ्यावे. शेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे सारखेच पडलेले दिसले, तर गॅस्केट बहुतेक त्या दोघांच्या मधल्या पट्टीत फुटलेले असते. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसत असेल तर इंजिन पुन्हा सुरूच करू नये, कारण पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगना वाचवू शकत नाही.

बोल्ट इंजिन पूर्ण थंड असतानाच, बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावेत. मग हेडचा तळ स्वच्छ करून त्यावर अचूक सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरावी आणि खालून फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकाची) पाती सरकवून पाहावी. बऱ्याच इंजिनांत 0.05 मिलिमीटरच्या आसपास मर्यादा असते (नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा). म्हणजे केसाहून बारीक पाती मध्यभागी अलगद आत गेली तरी हेड वाकले आहे. हीच पट्टी ब्लॉकच्या माथ्यावरही फिरवावी. हे बहुतेक जण विसरतात.

वाकलेल्या हेडचे फेसिंग करून (मशीनवर घासून) तळ सपाट होतो, पण ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमचा दांडा हेडमध्येच असतो तिथे, तेवढ्याने भागत नाही. तळ वाकला तेव्हा वरची कॅमची बैठकही वाकलेली असते. कॅम बसवून हाताने सहज फिरतो का, हे पाहिल्याशिवाय फेसिंगचा निर्णय घेऊ नये. शिवाय दोन व्हॉल्व्हच्या मधल्या अरुंद जागेत बारीक तडा असू शकतो आणि तो डोळ्यांना दिसेलच असे नाही, म्हणून फेसिंगच्या आधी हेडची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती पाहण्याची चाचणी) करून घ्यावी. तडा गेलेले हेड घासण्यात पैसे घालवण्यापेक्षा दुसरे हेड शोधलेले बरे.

हेड उतरलेले असतानाच बोअरच्या (सिलिंडरच्या पोकळीच्या) भिंती नीट पाहाव्यात. उभ्या ओरखड्यांत नख अडकत असेल, तर पिस्टन घासला गेला आहे आणि त्याच्यावरच्या रिंगांचा ताणही गेलेला असण्याची शक्यता आहे. असे इंजिन वरून कितीही चांगले बांधले तरी पुढे ऑइल जाळू लागते.

जोडणीच्या वेळची एक चूक मी स्वतः केली आहे. ब्लॉकमधल्या बोल्टांच्या भोकांत ऑइल साचलेले होते आणि मी ते काढले नाही. टॉर्क पाना (ठरवलेला जोर लागला की वाजणारा पाना) ‘टक्’ वाजला, पण ती आवळण बोल्टाची नव्हती, खाली कोंडलेल्या ऑइलची होती. नशिबाने ब्लॉक फुटला नाही, गॅस्केट मात्र पुन्हा गेले. ताणून आवळायचे बोल्ट असतील तर ते नवेच घ्यावेत आणि मध्यापासून बाहेर, दिलेल्या क्रमाने व अंशांनी आवळावेत.

राहिला प्रश्न इंजिन मुळात का तापले याचा. थर्मोस्टॅट (तापल्यावर कुलंटची वाट उघडणारी झडप), रेडिएटरचे झाकण, पंखा, वॉटर पंपाची गळती, चोंदलेला रेडिएटर यांपैकी दोषी कोण हे सापडल्याशिवाय नवे गॅस्केट बसवू नये. थर्मोस्टॅट तापत्या पाण्यात टांगून तो उघडतो का ते पाहणे पाच मिनिटांचे काम आहे. नवे कुलंट भरल्यावर हिटर चालू ठेवून हवा पूर्ण काढावी, आणि पहिल्या फेरीनंतर इंजिन गार झाल्यावरच झाकण उघडून पातळी पुन्हा पाहावी.