संशय नेमका कुणावर?

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्रकारितेचं शिक्षण घेता घेता यॉर्कशरमधल्या ज्या गावात तू उमेदवारी करते आहेस, तिथे महिनाभर लोकांशी बोललीस आणि एका ठिकाणी येऊन थांबलीस: हवामान, स्थलांतर आणि इस्लाम या तीन विषयांवर ब्रिटिश सरकार काही म्हणालं की लोक त्याच्या बरोबर उलट धरतात, आणि आता तुलाही तसंच वाटू लागलं आहे. ‘मावशी, तू इथल्या नगरपालिकेत इतकी वर्षं आकडेवारीचं काम केलंस. तुला तरी हे लोक खरे वाटतात का?’ असं विचारलं आहेस.

लोकांचा राग खोटा नाही, हे आधी सांगते. त्यांच्याशी खरोखर वाईट वागलं गेलं आहे. पण या तिन्ही विषयांत जे बिघडलं ते एकसारखं नव्हतं. एकीकडे मोजणीच धड नव्हती, एकीकडे जाणूनबुजून दडवलं गेलं, तर एकीकडे शास्त्र खरं असूनही शास्त्रज्ञांनी कागद दाखवायला टाळाटाळ केली. ‘सगळे चोर’ म्हटलं की हा फरक पुसला जातो. पत्रकाराचं कामच तो फरक दाखवण्याचं आहे, म्हणून इतकं लांब लिहिते आहे.

स्थलांतरापासून सुरू करू, कारण ते मला सगळ्यात जवळून माहीत आहे. १ मे २००४ ला पूर्व युरोपातले आठ देश युरोपीय संघात आले. त्याआधी ब्रिटनच्या गृहखात्यासाठी अर्थतज्ज्ञांनी एक अंदाज केला होता: वर्षाला निव्वळ, म्हणजे आलेल्यांतून गेलेले वजा करून, ५ ते १३ हजार माणसं येतील. जर्मनीसारखे मोठे देशही आपला कामगार बाजार खुला करतील, हे त्यामागचं गृहीतक. प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासून दारं उघडली ती ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन एवढ्याच देशांनी. जर्मनीने २०११ पर्यंत थांबायचं ठरवलं. पण ‘१३ हजार’ हा आकडा तेवढा लोकांच्या कानावर राहिला, त्याच्या अटी अहवालातच राहिल्या. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये एकट्या पोलंडमध्ये जन्मलेले ५ लाख ७९ हजार लोक निघाले. लेबर सरकारात मंत्री असलेले जॅक स्ट्रॉ यांनीही २०१३ मध्ये ती मोठी चूक होती हे कबूल केलं.

आता मोजणी कशी व्हायची ते बघ. ‘इंटरनॅशनल पॅसेंजर सर्व्हे’ ही पाहणी १९६१ पासूनची, मुळात पर्यटक किती येतात आणि किती खर्च करतात हे कळावं म्हणून काढलेली. विमानतळावर गर्दी सरकत असते. त्यातून ठरावीक अंतराने एकेकाला बाजूला घ्यायचं आणि विचारायचं: कुठून आलात, कशासाठी, किती दिवस राहायचा विचार आहे? समोरचा रात्रभर जागलेला, कडेवर मूल, डोळे बॅगांच्या पट्ट्याकडे. तो म्हणतो ‘सहा महिने’, आणि पुढे सहा वर्षं राहतो. उत्तर देणं ऐच्छिक. वर्षभरात लाखो लोकांना विचारलं जायचं, पण त्यांत खरे स्थलांतरित काही हजारच निघायचे. त्या काही हजारांवरून देशाचा आकडा काढायचा. त्यातही जास्त लक्ष हीथ्रोसारख्या मोठ्या विमानतळांवर, आणि पोलंडहून येणारी स्वस्त विमानं उतरायची ल्यूटनला, स्टॅन्स्टेडला आणि तसल्याच लहान विमानतळांवर. जनगणना झाली तेव्हा कळलं की दहा वर्षांत निव्वळ स्थलांतर सुमारे ३ लाख ४६ हजारांनी कमी मोजलं गेलं होतं.

यात कट नव्हता. पण पूर्व इंग्लंडमधल्या बॉस्टन किंवा पीटरबरोच्या शाळेत वर्ग भरून वाहत असताना, डॉक्टरची वेळ मिळत नसताना तिथल्या माणसाला सांगितलं जात होतं की आकड्यांत तसं काही दिसत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या माणसाने डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि तो बरोबर निघाला. इथून पुढचा प्रत्येक आकडा त्याला खोटा वाटला तर दोष त्याला देऊ नकोस.

त्यावर राजकारण्यांनी मीठ चोळलं. २०१० मध्ये डेव्हिड कॅमेरॉन यांनी निव्वळ स्थलांतर लाखाच्या आत आणू म्हणून सांगितलं. ते एकाही वर्षी झालं नाही. २०१९ च्या जाहीरनाम्यात हुजूर पक्षाने आकडा खाली आणायचं वचन दिलं. जून २०२३ ला संपलेल्या वर्षासाठी आकडा जाहीर झाला ६ लाख ७२ हजार, आणि नवी माहिती येईल तसा सुधारत सुधारत २०२४ पर्यंत तो ९ लाख ६ हजारांवर गेला. त्याच काळात मंत्र्यांच्या तोंडी सारखा विषय होता इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या छोट्या बोटींचा. २०२३ मध्ये बोटींतून आले साधारण २९ हजार. बाकीचे बहुसंख्य विद्यार्थी, काळजीवाहक, परिचारिका, कामगार आणि त्यांची कुटुंबं. त्यांना व्हिसा सरकारनेच दिलेला होता. त्यात सगळ्यात जास्त आपण, भारतीय. तू स्वतः त्या आकड्यात आहेस, हे लिहिताना विसरू नकोस. विद्यापीठांना तुझी फी हवी होती, वृद्धाश्रमांना माणसं हवी होती. हे उघडपणे सांगण्याऐवजी कॅमेरा बोटींकडे वळवला गेला. मला राग येतो तो याचा.

आता इस्लामचा विषय. यॉर्कशरमधल्याच रॉदरहॅमची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. ती जपून वाच.

ऑगस्ट २०१४ मध्ये प्राध्यापक अ‍ॅलेक्सिस जे यांचा अहवाल आला. १९९७ ते २०१३ या काळात त्या एका गावात किमान १४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं, हा त्यांचा सावध अंदाज. पीडितांनी बहुतेक गुन्हेगारांचं वर्णन ‘आशियाई’ असं केलं होतं, आणि ओळख पटलेले बहुतेक गुन्हेगार पाकिस्तानी वंशाचे होते. कर्मचाऱ्यांपैकी काहींनी सांगितलं की वंशाचा उल्लेख केला तर आपण वर्णद्वेषी ठरू अशी भीती वाटायची, काहींना तर वरिष्ठांनीच तो करू नका म्हणून सांगितलं होतं. दुसरी गोष्ट लोक हल्ली विसरतात, ती तू विसरू नकोस: पोलीस या मुलींना किंमतच देत नव्हते. गरीब घरच्या, काही अनाथालयातल्या, बारा-तेरा वर्षांच्या मुली, आणि त्या स्वतःहून तिकडे जातात असं मानलं जायचं. भीती होती तशी तुच्छताही होती. २०२५ मध्ये बॅरोनेस लुईस केसी यांनी देशभराचा आढावा घेतला. रॉदरहॅममधल्या एका मुलीच्या फायलीत ‘पाकिस्तानी’ हा शब्द व्हाइटनर लावून पुसलेला आपण पाहिला, असं त्यांनी सांगितलं. कुणीतरी बाटली उघडून, ब्रश फिरवून, तो सुकेपर्यंत थांबलं असणार. त्याच केसींच्या आढाव्यात निघालं की देशभरात अशा दोनतृतीयांश गुन्हेगारांचा वंश नोंदवलेलाच नाही. मग २०२० मध्ये गृहखात्याच्या अहवालात ‘असे गुन्हेगार बहुधा गोरे असतात’ असं आलं, ते कशाच्या जोरावर? पुरावा तेवढा नव्हता, आणि केसींनी ते स्पष्ट लिहिलं. अर्थात नोंदच नसेल तर देशभरातले असे गुन्हेगार बहुतेक मुस्लिम आहेत हेही त्या तक्त्यातून सिद्ध होत नाही. केसींनी जिथली स्थानिक माहिती मिळाली, तिथे आशियाई वंशाच्या संशयितांचं प्रमाण जास्त दिसतं हेही नोंदवलं आहे. दोन्ही वाक्यं तुझ्या लेखात यायला हवीत. एकच घेतलंस तर तुझ्या हातातही व्हाइटनरच असेल.

असे गुन्हे उघडकीला आणणाऱ्यांत कोण होते? मँचेस्टरजवळच्या रॉचडेलचं तसंच प्रकरण सरकारी वकिलांनी आधी बंद केलं होतं. ते पुन्हा उघडलं नाझिर अफझल यांनी, वायव्य इंग्लंडच्या मुख्य सरकारी वकिलांनी, आणि २०१२ मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली. अफझल स्वतः पाकिस्तानी वंशाचे मुस्लिम. २०१३ मध्ये मुस्लिम महिलांच्या एका संघटनेने आशियाई आणि मुस्लिम मुलींवरच्या अशाच अत्याचारांवर अहवाल काढला. त्या मुली घराच्या अब्रूच्या भीतीने बोलत नव्हत्या. ‘समाजात तेढ नको’ म्हणून जे दडवलं गेलं, त्याने या मुलींचंही नुकसान झालं. झाकली मूठ फक्त अधिकाऱ्यांसाठी सव्वा लाखाची होती.

आता जुलै २०२४. साउथपोर्टमध्ये नृत्याच्या वर्गात तीन लहान मुलींचा खून झाला. हल्लेखोर सतरा वर्षांचा, म्हणून कायद्याने त्याचं नाव लगेच देता येत नव्हतं. त्या पोकळीत एक बनावट मुस्लिम नाव फिरलं: वर्षापूर्वी बोटीतून आलेला आश्रयार्थी म्हणे. प्रत्यक्षात मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला, आईवडील रवांडातून आलेले. पोलिसांनी ते नाव चुकीचं आहे म्हणून सांगितलं, तोवर कुणी ऐकायला तयार नव्हतं. दुसऱ्याच दिवशी जमावाने तिथल्या मशिदीवर दगडफेक केली. आणि ४ ऑगस्टला, रॉदरहॅमजवळच, आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलला आत माणसं असताना आग लावायचा प्रयत्न झाला.

इथे जरा थांब. १९९७ ते २०१३ मध्ये ज्यांनी त्या मुलींकडे पाठ फिरवली, ते पोलीस आणि अधिकारी त्या हॉटेलात नव्हते. आत होते ते आश्रयार्थी, ज्यांतल्या बहुतेकांना रॉदरहॅमचं नावही आधी माहीत नसेल. हिशेब योग्य माणसाकडे मागितला नाही की तो असा भलत्याच्या दारात जाऊन वसूल होतो. त्या आठवड्यात भारतीय उच्चायुक्तालयालाही इथल्या भारतीयांना सावध राहा म्हणून सांगावं लागलं. आपली कितीतरी मुलं संध्याकाळची शिफ्ट सोडून घरी बसली. जमाव काही कुणाचा धर्म विचारून मारत नव्हता.

पोलिसांचंही चुकलंच. लवकर आणि पुरेसं बोलले असते तर अफवेला एवढी जागा मिळाली नसती. ऑक्टोबरमध्ये त्या मुलावर रिसिन हे विष तयार केल्याचे आणि अल-कायदाची पुस्तिका बाळगल्याचे आरोप ठेवले, तेव्हा ‘बघा, लपवलं होतं’ म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. खटल्याला बाधा येऊ नये हे कारण खरं होतं, पण ते लोकांना समजेल असं वेळेवर सांगितलं गेलं नाही. पुढे २०२५ मध्ये पोलिसांनी गाजलेल्या गुन्ह्यांत संशयिताचं राष्ट्रीयत्व आणि वंश जाहीर करण्याबद्दल नवे निर्देश काढले. लोकांच्या दबावातून आलेली ही चांगली गोष्ट. रागाचा असाही उपयोग होतो.

आणि संशय घेणारे स्वतः किती अचूक असतात, तेही तपास. २०१४ मध्ये इप्सॉसच्या पाहणीत ब्रिटनमधल्या लोकांनी अंदाज केला की शंभरातले २१ मुस्लिम असतील. प्रत्यक्षात तेव्हा होते ५ च्या आसपास. २०२१ च्या जनगणनेतही इंग्लंड-वेल्समध्ये प्रमाण ६.५ टक्के. २००४ साली पीटरबरोच्या माणसाचे डोळे सरकारपेक्षा बरोबर होते, पण याबाबतीत डोळे दगा देतात.

हवामानाचं थोडक्यात सांगते, कारण तिथे तुझा गोंधळ लवकर सुटेल. नोव्हेंबर २००९ मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान संशोधकांचे ईमेल फुटले. चौकशा झाल्या. शास्त्रज्ञांनी लबाडी केल्याचं कुठेच निघालं नाही, पण माहिती मागणाऱ्यांना टाळण्याची त्यांची सवय चौकशी समितीने स्पष्ट शब्दांत नोंदवली. त्याच सुमारास हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात, या आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) २००७ च्या अहवालातल्या विधानावर भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांच्या टिपणामुळे प्रश्न उभा राहिला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश त्यांच्या बाजूने उभे राहिले. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी ते टिपण झिडकारलं, आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला त्या विधानाबद्दल खेद व्यक्त करावा लागला. रैनांचा तो मुद्दा बरोबर होता. पण म्हणून हिमनद्या वितळायच्या थांबल्या नाहीत. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांनाही तापमानाच्या नोंदींबद्दल शंका होती. त्यांनी नुसती शंका घेऊन न थांबता जगभरातल्या नोंदी नव्याने तपासल्या. पैसे देणाऱ्यांत हवामानबदलावरच्या धोरणांना विरोध करणाऱ्या कोक कुटुंबाची संस्थाही होती. उत्तर आलं तेच, पृथ्वी तापते आहे, आणि म्युलर यांनी ते जाहीर सांगितलं. तुला शंका असेल तर ती अशी घे.

आता तुझ्या लेखाचं. ‘आमच्या गावातल्या हॉटेलात किती आश्रयार्थी ठेवलेत ते कौन्सिल लपवतंय’ असं तुला अनेकांनी सांगितलं आहे. हॉटेल निवडतं गृहखातं, ठेकेदारामार्फत, आणि कौन्सिललाही पुष्कळदा अगदी आयत्या वेळी कळतं. म्हणजे संशयाचा पत्ता इथेच बदलला. कौन्सिलनिहाय संख्या गृहखातं दर तिमाहीला प्रसिद्ध करतं. तो तक्ता काढ आणि त्याखालच्या बारीक टिपा आधी वाच: कोण धरलं आहे, कोण वगळलं आहे, कोणत्या तारखेचं आहे. मग कौन्सिलला विचार की त्यांना कळवलं कधी, आणि शाळा व दवाखान्यासाठी जादा पैसे आले का. पोलिसांना विचार की त्या रस्त्यावर तक्रारी आधी किती होत्या आणि आता किती आहेत. हॉटेलसमोर निदर्शनं करणाऱ्या बायकांशी बोल, त्यांच्या घरी बसून, घाई न करता. त्याच आठवड्यात मशिदीतही जा, आणि समितीच्या पुरुषांशीच नव्हे तर तिथल्या आयांशी बोल.

उत्तर टाळलं तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज कर. इथला कायदा २००० चा आहे, आणि उत्तर द्यायला त्यांना कामाचे वीस दिवस मिळतात. तुझा लेख पुढच्या महिन्यात द्यायचा आहे, तेव्हा अर्ज उद्याच टाक. मसुदा मला पाठव आणि सोबत मूळ तक्ते जोड, मी आकडे पडताळून देते.

तुझी,
मावशी