निर्दोष सुटलो, पण गूगलवर अजून अटकेतच

लग्नाची बोलणी सुरू झाली किंवा नवी नोकरी मिळायच्या बेतात असली, की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो: "जुन्या केसची बातमी नेटवर आहे, ती कशी काढायची?" विचारणारे बहुतेक तिशीच्या आसपासचे. केस किरकोळ, बऱ्याचदा कधीच संपलेली. बातमी मात्र जागच्या जागी. निखिलची गोष्ट (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) सांगते, कारण तिच्यात या प्रश्नाचे जवळजवळ सगळे पदर आले.

निखिल ठाण्यात कोपरीला वाढलेला, नोकरी ऐरोलीला आयटीत. २०१८च्या दहीहंडीला दोन पथकांत मारामारी झाली. पोलिसांनी हाताला लागले त्यांना उचललं, त्यात हा. दुसऱ्या दिवशी जामीन झाला आणि त्याच दिवशी एका स्थानिक न्यूज पोर्टलवर बातमी आली. नावं, वयं, निखिलच्या तर बिल्डिंगचंही नाव. खटला रखडत चालला, साक्षीदार फितूर झाले, २०२३मध्ये सगळे निर्दोष सुटले. त्याची बातमी कोणी केली नाही. कोण करणार?

त्यात आडनाव दुर्मीळ. पाटील किंवा जाधव असता तर गर्दीत हरवला असता. डोंबिवलीचं एक स्थळ पत्रिका जुळूनही गप्प झालं. कारण त्यांनी सांगितलं नाही, निखिलनेच ते ठरवून टाकलं. मग रोज रात्री घरचे झोपले की स्वतःचं नाव शोधायचं, कधी मित्राच्या फोनवरूनही. "सात दिवसांत गूगल साफ" म्हणणाऱ्या एका एजन्सीला त्याने पैसेही भरले. त्यांनी पोर्टलला कारवाईची धमकी देणारे मेल धाडले, निकालाची प्रत जोडायचीही तसदी घेतली नाही, आणि पुढे फोन उचलणं बंद केलं.

आईचा पवित्रा वेगळाच. "ताई, तुम्हीच सांगा त्याला, विषय काढूच नकोस म्हणावं. लोक विसरतात."

"आई, विसरायला आधी माहीत हवं ना. प्रत्येक नवीन माणसाला नव्यानं कळतंय ते."

मला दोघांचंही पटत नव्हतं. बातमी खोटी नव्हती. अटक झालीच होती. पण ती अर्धी होती. राहिलेला अर्धा भाग निखिलच्या कपाटातल्या फाईलमध्ये होता आणि तो तिथून बाहेर काढायला मायलेक दोघंही तयार नव्हते.

आधी एक कागद घेऊन काय कुठे आहे ते लिहून काढलं. हे काम त्याच्या बहिणीने केलं, मुद्दाम. पोर्टलवरची मूळ बातमी, तिची शब्दशः नक्कल करणारी आणखी एक साइट, पथकातल्या कोणीतरी फेसबुकवर टाकलेली पोस्ट, तिच्यात निखिलचा फोटो आणि मोबाईल नंबर. आणि कोर्टाचा निकाल. चारही ठिकाणचे मालक वेगळे. गूगल नुसती पाटी दाखवतं, दुकान दुसऱ्याचं असतं. म्हणून गूगलशी भांडण्याआधी दुकानदाराला गाठावं लागतं. मूळ पानावरून मजकूर गेला आणि तरी शोधात जुनाच दिसत राहिला, तर जुना मजकूर ताजा करून घेण्याची गूगलची स्वतंत्र सोय आहे. घरचा पत्ता, फोन नंबर अशा खाजगी माहितीसाठी त्यांचा वेगळा अर्ज आहे. दोन्ही फुकट. एजन्सीने यातलं काहीच केलं नव्हतं.

यूट्यूबवर निखिलने पाहिलेले व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले होते. तिथे अटकेच्या वेळचे फोटो लावून ते काढायचे पैसे मागणाऱ्या साइट्स निघाल्या, मग कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी अशा वसुलीवर बंदी आणली. काही राज्यांत अटकेची नोंद मोहरबंद करून मिळते, म्हणजे ती सर्वांना बघता येत नाही. आपल्याकडे असा सरसकट कायदा नाही. उलट काही माहिती उघड ठेवायचीच असते: संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६चा आदेश आहे.

मग हक्क काहीच नाही का? ओळखीच्या वकीलबाईंनी त्याला सगळं नीट समजावलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या खटल्यातून सुटलेल्या एका माणसाचा निकाल सर्च इंजिनांवर दिसू नये, असा अंतरिम आदेश दिला. (त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, उघडच आहे.) पण २०२४मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निर्दोष सुटलेल्या माणसाचं नाव निकालातून झाकायला सांगितलं, तेव्हा त्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती खोडून मागण्याचा हक्क आहे, पण न्यायालयांच्या कामाला त्यातून सूट आहे. थोडक्यात, कोर्टाची वाट बंद नाही, पण तिथे काय होईल हे आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. जो सांगतो, त्याला पैसे देऊ नयेत.

निखिलने कोर्टाच्या नक्कल विभागातून निकालाची प्रमाणित प्रत काढली आणि पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याला साधं पत्र लिहिलं. पहिला मसुदा रागाने भरलेला होता, "तुमच्यामुळे माझं आयुष्य" वगैरे. तो आम्ही बाजूला ठेवला. दुसऱ्यात चारच गोष्टी राहिल्या: बातमीची लिंक, खटला क्रमांक, निकालाची तारीख आणि मागणी. नाव काढावं, ते जमत नसेल तर निर्दोष सुटल्याची ओळ बातमीच्या वर टाकावी आणि बिल्डिंगचं नाव काढावं. ही दुसरी मागणी महत्त्वाची. बातमी पुसायला संपादक कां-कू करतो, पूर्ण करायला सहसा करत नाही. झालंही तसंच. नाव राहिलं, पण ओळ आली आणि बिल्डिंग गेली. फेसबुकवाल्याला निखिलने फोन केला. "अरे, ते अजून आहे होय?" म्हणत त्याने तिथल्या तिथे पोस्ट उडवली. एवढी वर्षं हा फोन झाला नव्हता, कारण विषय काढायचा नव्हता! नक्कल करणाऱ्या साइटने अजून उत्तर दिलेलं नाही.

आमच्या बैठकांचा जास्त वेळ मात्र रात्रीच्या त्या शोधावर गेला. नाव टाकायचं, बघायचं, छातीत धस्स व्हायचं, दुसरं काही नवीन नाही म्हणून जरा हायसं वाटायचं, आणि दहा मिनिटांत पुन्हा हात फोनकडे. त्या क्षणभराच्या दिलाशामुळेच ही सवय घट्ट होते. ठरलं असं, की बघायचं ते बहिणीने, रविवारी, आणि काही बदललं असेल तरच सांगायचं. पहिले काही दिवस त्याची झोप आणखी उडाली. नंतर लागायला लागली.

दुसरं काम सांगण्याचं. चार वाक्यं त्याने माझ्यासमोर पुन्हा पुन्हा म्हटली: "२०१८मध्ये दहीहंडीच्या मारामारीत मला अटक झाली होती. २०२३मध्ये कोर्टाने निर्दोष सोडलं. बातमी नेटवर आहे. निकाल दाखवू शकतो." पुढे आलेल्या स्थळात, दुसऱ्या भेटीत, तलावपाळीवर फिरताना त्याने हे मुलीला सांगितलं. तिने आधीच शोधलं होतं. तो स्वतः सांगतो का, याची ती वाट बघत होती. तिच्या वडिलांनी निकालाची झेरॉक्स मागितली. आईला ते फार लागलं, मला ते रास्त वाटलं. लग्न ठरलं का, असं सगळे विचारतात. अजून बोलणी चालू आहेत.

नोकरीच्या फॉर्मबद्दल मी जरा कडक आहे. लिंक गेली म्हणून रकान्यात "नाही" लिहायचं नाही. "शिक्षा झाली आहे का" आणि "कधी अटक किंवा गुन्हा दाखल झाला होता का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, नीट वाचून खरं उत्तर द्यायचं आणि निकाल जोडायचा. नोकरीच्या फॉर्ममध्ये माहिती लपवण्याबद्दलच्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये हेच सांगितलं: माहिती खरी द्या; दिल्यावरही पूर्वेतिहास बघायचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला आहे. म्हणजे खरं लिहून नोकरी मिळेलच असं नाही, पण लपवलेलं उघड झालं तर मिळालेलीही जाऊ शकते.

ज्यांचा खटला अजून चालू आहे, त्यांनी निखिलचं पत्र जसंच्या तसं उचलू नये. जोडायला निकालच नसतो, आणि अशा वेळी लिहिलेला शब्द पुढे खटल्यात आडवा येऊ शकतो. आधी वकिलाला दाखवा. पत्ता आणि मोबाईल नंबर काढायला मात्र निकालाची वाट बघायची गरज नाही. गूगलचा तो अर्ज आजच भरा.