मान घासून निघत नाही तेव्हा

"मॅडम, लाल आलंय." खुर्चीत टेकण्याआधीच आईने मोबाइल माझ्यापुढे धरला. लॅबने पाठवलेल्या रिपोर्टच्या तळाशी हिरवी-पिवळी-लाल पट्टी होती. बाण लाल भागात, आणि त्याखाली 'मेटाबॉलिक सिंड्रोम : उच्च धोका'. "बारा वर्षांचा आहे हो हा. म्हणजे याला डायबेटिस होणारच ना? एकदाचं सांगून टाका."

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो आईच्या मागे उभा होता. जून महिना, उकाडा, तरी शर्टाची कॉलर ताठ उभी केलेली. आजी त्याला सोन्या म्हणते, आपणही तेच म्हणू. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पुण्यात बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी समुपदेशन करते. तपासणं आणि औषध ठरवणं डॉक्टरांचं काम. माझ्याकडे येतात ती रिपोर्ट हातात पडल्यावर घाबरलेली माणसं. हल्ली हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो: मुलाचं भविष्य या आकड्यांत कळतं का?

आधी आकडे बघू. उंची १५० सेंटीमीटर, वजन ५४ किलो. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी १६८, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ४१, उपाशीपोटी साखर ९७, बीपी ठीक. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे पोटाचा घेर, रक्तातली चरबी, साखर, बीपी यांतल्या काही गोष्टी एकत्र बिघडणं. आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशनने २००७ साली मुलांसाठी त्याची जी व्याख्या दिली, तिच्यानुसार १० ते १६ वयात कमरेचा घेर वयाच्या मानाने बराच जास्त हवा आणि शिवाय चारपैकी दोन गोष्टी बिघडलेल्या हव्यात: ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल ४० च्या खाली, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, बीपी १३०/८५ किंवा वर. दहाच्या आतल्या मुलाला तर हे नाव लावूच नका, असं तीच व्याख्या सांगते. सोन्याचं एकच बिघडलेलं. एचडीएल ४१ ऐवजी ३९ आलं असतं, तर तोच मुलगा, त्याच दिवशी, 'सिंड्रोम'वाला झाला असता. लाल पट्टी कुठल्या हिशेबाने रंगवली होती ते लॅबलाच ठाऊक.

"सकाळी उपाशी नेलं होतं ना?" मी विचारलं. आई म्हणाली, "हो, अगदी." सोन्या पहिल्यांदाच बोलला. "आजीने दूध-बिस्किट दिलं होतं. म्हणाली, रक्त काढणार आहेत, चक्कर येईल."

डॉक्टरांनी रात्रभर खरोखर उपाशी ठेवून तपासणी परत करायला सांगितली. ट्रायग्लिसराइड १४४ आलं. आईचा फोन, आवाजात सुटकेचा आनंद: "म्हणजे काही नाही ना मॅडम? बिस्किटामुळेच सगळं!" मला पहिल्या दिवशीच्या भीतीपेक्षा ही सुटका जास्त धोक्याची वाटली. आकडा रेषेखाली गेला होता, पण कॉलर अजून उभीच होती.

पुढच्या भेटीत मी सोन्याला विचारून कॉलर खाली केली. मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा, आणि मधोमध सोललेली लाल त्वचा. "लिंबू-सोडा लावून घासणीने घासते रोज," आई म्हणाली, "निघतच नाही." सोन्या जमिनीकडे बघत म्हणाला, "वर्गात म्हणतात, अंघोळ करत नाही."

हा मळ नसतो. डॉक्टरी भाषेत त्याला अकँथोसिस निग्रिकान्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि त्या जादा इन्सुलिनमुळे मानेवर, काखेत त्वचा जाड आणि काळी होते. वयात येताना इन्सुलिनला दाद कमी मिळणं थोडंफार स्वाभाविकच असतं, पण मान काळी पडेपर्यंत गेलं म्हणजे लक्ष घालायला हवं. हे मी आईला नाही, सोन्याला सांगितलं. "म्हणजे मी घाण नाही?" त्याने विचारलं. आईने पर्स उघडून काहीतरी शोधल्यासारखं केलं. तिला डोळे पुसायचे होते.

मग टेप काढला. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप लावायचा आणि श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. सोन्याने पोट आत ओढलं. सगळीच ओढतात. "श्वास सोड, मग बघू." ८१. घरच्या घरी पडताळायला सोपा हिशेब असा की कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. १५० चे निम्मे ७५.

आणि मागची गोष्ट. गरोदरपणात आईची साखर वाढलेली. जन्माचं वजन २.४ किलो. चौथ्या-पाचव्या वर्षी, जेव्हा मुलं सहसा सडसडीत होतात, तेव्हा हा भराभर भरला, आणि घरात 'बाळसं धरलं' म्हणून कौतुक झालं. आजीला ४८ व्या वर्षी डायबेटिस. लाल पट्टीने यातलं काहीच विचारलं नव्हतं. मला विचाराल तर अंदाज बांधायचाच असेल तर तो इथून बांधावा.

तर आईच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, 'होणारच' असं कुणी सांगू शकत नाही. किशोरवयात सिंड्रोमचा शिक्का बसलेली बरीच मुलं दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासली की त्या व्याख्येत बसत नाहीत, आणि काही नवीन बसतात. अमेरिकेतल्या बोगालुसा या गावातल्या आणि फिनलंडमधल्या मुलांना मोठेपणापर्यंत तपासत राहिलेल्या अभ्यासांतून २०१० साली दिसलं, की मोठेपणीच्या डायबेटिसचा अंदाज बांधायला लहानपणीचा हा शिक्का नुसत्या बीएमआयपेक्षा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या हिशेबापेक्षा, सरस ठरत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१७ मध्ये हेच सुचवलं: शिक्क्याच्या मागे लागू नका, धोक्याच्या खुणा एकत्र दिसतात का ते बघा. सोन्याच्या खुणा एकत्र दिसत होत्या. आईला मी म्हटलं, आभाळ भरून आलंय, पाऊस कोसळलेला नाही.

इथे माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका तेरा वर्षांच्या मुलीसमोरच मी तिच्या आईबाबांना धोक्याचं सगळं गणित मांडलं, अगदी उत्साहाने. महिन्याभरात तिने डबा खाणं सोडलं. वजन उतरलं म्हणून घरचे खूश होते, आणि ती प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. तेव्हापासून 'धोका' हा शब्द मी मुलांसमोर वापरत नाही, आणि घरच्यांनाही 'जाड्या' आणि 'मग इंजेक्शन घ्यावं लागेल' ही दोन वाक्यं बंद करायला सांगते. सोन्याच्या घरी दोन्ही रोज व्हायची. आणि सोन्याच्या दप्तरात रोज फरसाणचं पाकीट असायचं, गणिताच्या वहीखाली.

तिसऱ्या भेटीत बाबा आले. हातपाय काटकुळे, पट्ट्यावरून पोट बाहेर. "आमच्या घराण्यात सगळे असेच सुदृढ," म्हणाले. मी त्यांना पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. त्यांनी आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपली माणसं काट्यावर बारीक आणि आतून चरबीदार असू शकतात, अगदी जन्मापासून, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांवर दाखवून दिलं. बाबा हसले. मग मी टेप सोन्याच्या हातात दिला. बाबांनी पोट आत ओढलं. "बाबा, श्वास सोडा," सोन्या म्हणाला. ९७. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० च्या आत हवं.

खाण्याची यादी मी सहसा देत नाही, ती फ्रिजवर लागते आणि तिथेच राहते. दिवस कसा जातो ते विचारते. क्लासवरून सातला घरी, मग मोबाइल, आणि जेवण पावणेअकराला. इतक्या उशिरा का? कारण बाबा साडेदहाला येतात आणि सोन्याला त्यांच्याबरोबरच जेवायचं असतं. झोप साडेबाराला, शाळेची बस पावणेसातला. आठला जेवायला लावा असं सांगणं सोपं होतं, पण त्या पोराकडून दिवसातली बापाची अर्ध्या तासाची सोबत कोण काढून घेणार? बराच वेळ कुणीच बोललं नाही. तोडगा आजीने काढला. "मी आठला जेवते, माझ्याबरोबर बसेल. तू सकाळी त्याला चालत शाळेत सोड." शाळा दीड किलोमीटरवर. बस बंद झाली. आजीचा एक हट्ट मात्र कायम राहिला, चतुर्थीचे मोदक. मी विरोध केला नाही.

वजन उतरवायचं असं आम्ही ठरवलंच नव्हतं. वाढत्या वयात वजन जागेवर राहिलं आणि उंची वाढली तरी पुष्कळ. सहा महिन्यांनी उंची १५४, वजन ५५, कंबर ७९. निम्म्याहून अजून दोन सेंटीमीटर जास्त. मानेचा पट्टा थोडा फिका झालाय, गेलेला नाही, आणि घासणी भांड्यांकडे परत गेली आहे. पुढची रक्ततपासणी डॉक्टरांनी वर्षाने सांगितली आहे.

बाबांची अजून झालेली नाही. "वेळच मिळत नाही," म्हणतात. पुढच्या भेटीची वेळ मी त्यांच्या नावाने लिहून ठेवली आहे, आणि कार्ड सोन्याकडे दिलं आहे.